खाणे, पिणे आणि ‘साप्पिडु’

तंजावरच्या बृहदीश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला मराठी प्रवासी एखाद्या तमिळ गृहस्थाच्या घरी गेला, तर तो टेकतो न टेकतो तोच त्याच्या कानी एक प्रश्न पडतो : ‘काफी साप्पिडुरींगळा?’ येण्यापूर्वी पुस्तकातून दहापाच तमिळ शब्द शिकलेल्या या प्रवाशाला ‘साप्पिडु’ म्हणजे ‘जेवणे’ एवढे ठाऊक असते. तो मनात म्हणतो, काफी कोणी जेवते काय? मग समोर येते ती पितळेच्या पेल्यात आणि पसरट वाटीत खालीवर करून फेसाळलेली काफी. ती पिऊन होताच यजमान आणखी एकदा तेच क्रियापद उच्चारतो. पण या वेळी पुढ्यात केळीचे पान मांडले जाते आणि त्यावर भात, सांबार, रसम् आणि दही असा क्रम सुरू होतो. एकाच क्रियापदाने पाहुणा काफीही घेतो आणि भातही जेवतो. प्रवाशाला वाटते, ही भाषा शब्दांची गरीब असावी.

हा समज अगदी चुकीचा आहे. तमिळमध्ये पिण्याला स्वतंत्र शब्द नाही असे नव्हे. ‘कुडि’ म्हणजे पिणे. पाणी मागताना, पाजताना हा शब्द राजरोस वापरला जातो आणि त्यात काही वावगे नाही. ‘परुगु’, ‘अरुंदु’ असे ग्रंथांत शोभणारे शब्दही आहेत. खाण्यासाठी ‘उण्’ हा जुना, भारदस्त शब्द आहे, आणि ‘तिन्’ हा त्याहून वेगळ्या प्रकृतीचा शब्द आहे. मग एवढे शब्द हाताशी असताना काफीला ‘साप्पिडु’च का लागावे?

याचे पहिले कारण सभ्यतेचे आहे. ‘कुडि’ या शब्दापुढे पाणी, दूध असे काही कर्म असले तर तो निर्मळ असतो. कर्म गळले की त्याला दारूचा वास येतो. ‘तो कुडिक्किरान्’ एवढेच म्हटले तर तो मद्यपी आहे असाच अर्थ होतो. ‘कुडिकारन्’ म्हणजे दारुडा. गंमत अशी की, ‘कुडि’ याच उच्चाराचा दुसरा शब्द घर, कुळ, प्रजा या अर्थाचा आहे आणि त्यावरून ‘कुडिमगन्’ म्हणजे नागरिक असा प्रतिष्ठित शब्द झाला आहे. या दोन ‘कुडीं’वर श्लेष करून तमिळ विनोदकार बेवड्याला ‘नागरिक’ म्हणून मोकळे होतात. मराठीची कथा काही वेगळी आहे काय? ‘तो दूध पितो’ यात कौतुक आहे. ‘तो पितो’ यात बदनामी आहे. म्हणूनच मराठी यजमान पाहुण्याला ‘चहा पिता का?’ असे म्हणण्याऐवजी ‘चहा घेता का?’ असे विचारतो. पण ‘घेणे’ या सोज्ज्वळ शब्दालाही लोकांनी सुखाने राहू दिलेले नाही. ‘तो थोडी घेतो’ म्हटले की ऐकणारा समजायचे ते समजतो. एक शब्द मळला की भाषा दुसरा धुतलेला शब्द काढते आणि काही काळाने तोही मळतो.

दुसरे कारण अन्नाच्या स्वरूपात आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला हा मुलूख भाताचा. रात्री उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी तो पाण्यासकट पोटात घालायचा, ही तिथली जुनी न्याहारी. त्या भातावरच्या पाण्याला नाव आहे ‘नीरागारम्’; नीर अधिक आहार. जे प्यायचे त्यालाच आहार म्हटले आहे. काफी घरोघर शिरण्यापूर्वी पहाटे शेतावर जाणाऱ्याचा आधार म्हणजे हे नीरागारम्. ते खाल्ले म्हणावे की प्याले म्हणावे? कोकणातल्या पेजेपुढेही हाच पेच उभा राहतो. घन आणि द्रव यांच्यामधली रेघ रसायनशास्त्राला स्पष्ट दिसते. स्वयंपाकघरात ती पुसट होते.

ही पुसट रेघ तमिळच्या प्राचीन वाङ्मयातही आढळते. तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाचा ९३ वा अध्याय मद्यपानाच्या निषेधाचा आहे. त्याचे शीर्षक ‘कळ्ळुण्णामै’ असे आहे. ‘कळ्’ म्हणजे ताडी आणि ‘उण्णामै’ म्हणजे न खाणे. शब्दशः पाहिले तर हा ताडी न ‘खाण्याचा’ उपदेश ठरतो. म्हणजे शरीरात अन्नपाणी घेण्याची सगळी क्रिया एकाच शब्दात सामावण्याची रीत तमिळला नवी नाही. फक्त पूर्वी जे काम ‘उण्’ करीत असे, ते आज बोलीत ‘साप्पिडु’ करते.

आणि ही रीत एकट्या तमिळचीही नाही. बंगाली माणूस पाणी ‘खातो’, चहा ‘खातो’ आणि सिगारेटही ‘खातो’. हिंदीभाषक औषधाची गोळी ‘खातो’ आणि विडी ‘पितो’. मराठी माणूस गोळी ‘घेतो’ आणि विडी ‘ओढतो’. मात्र या बाबतीत सगळ्यांत उद्‌बोधक उदाहरण पूर्वसमुद्रापलीकडच्या थाई भाषेचे आहे. तंजावरला तो देश अगदी परका नाही. राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास समुद्रापार आरमार धाडले, तेव्हा जिंकलेल्या स्थळांची यादी तंजावरच्या मंदिरातील लेखात कोरली गेली. तीत आजच्या थायलंडच्या दक्षिण भागात मोडणाऱ्या प्रदेशाचेही नाव असल्याचे अभ्यासक मानतात.

थाई भाषेतले रोजचे क्रियापद आहे ‘किन’. भात किन, पाणी किन, औषध किन, दारूही किन. पिण्यासाठी ‘दूम’ असा वेगळा शब्द आहे, परंतु घरगुती बोलण्यात ‘किन’ने भागते. भाताला थाईत ‘खाव’ म्हणतात, आणि ‘किन खाव’ म्हणजे शब्दशः भात खाणे. पण त्याचा खरा अर्थ जेवणे असा आहे, मग पानात भाताऐवजी दुसरे काही का असेना. हेच ‘किन’ वेळही खाते. ‘किन वेला’ म्हणजे वेळ खाणे, आणि त्यातला ‘वेला’ हा संस्कृतातून गेलेला शब्द आपल्या ‘वेळे’चा सख्खा भाऊ आहे. वेळ खाण्याच्या बाबतीत तरी मराठी आणि थाई एकमेकींना अनुवादाविना समजतील!

मात्र हे ‘किन’ सर्वांपुढे चालत नाही. वडीलधाऱ्यांपुढे, परक्यांपुढे ‘रप-प्रथान’ म्हणावे लागते. त्याचेच आटोपशीर रूप ‘थान’. त्यातला ‘रप’ म्हणजे स्वीकारणे आणि ‘प्रथान’ म्हणजे आपले ‘प्रदान’. थोरांनी दिलेले स्वीकारणे, असा या जेवण्याचा अर्थ. भिक्षू जेवतात तेव्हा ‘छन’ हे क्रियापद येते. राजा जेवतो तेव्हा ‘सवेय’ येते. आणि रागावलेला माणूस ज्या शब्दाने ‘गिळ एकदाचे’ म्हणतो तो ‘डॅक’ हा शब्द भल्या घरात उच्चारीत नाहीत. ताटातला भात तोच. पण जेवणारा बदलला की क्रियापद बदलते.

मराठी श्रोत्याला याचे नवल वाटू नये. आपल्याकडे देव नैवेद्य ‘आरोगतो’, संन्यासी भिक्षा ‘ग्रहण करतो’, पाहुणा ‘जेवतो’, पोर खाऊ ‘खाते’, आणि आई चिडली की तेच पोर ‘गिळते’ किंवा ‘हादडते’. तमिळ वैष्णव परंपरेत देव आणि आचार्य ‘अमुदु’ करतात. म्हणजे अन्नाचे अमृत करतात. उलट ‘तिन्’ हा शब्द गुराढोरांच्या चरण्याला आणि तोंडात टाकण्याच्या चटकमटक पदार्थांना लागतो. ‘तिन्बंडम्’ म्हणजे खाऊ. मराठी प्रवाशाची खरी फसगत होते ती इथे. ‘खाल्लेत का?’ याचे भाषांतर कोशात पाहून त्याने एखाद्या वृद्ध गृहस्थाला ‘तिन्’ लावून विचारले, तर त्याच्या मनात नसलेला अपमान घडून जाईल. कोशाने त्याला शब्दाचा अर्थ खरा सांगितलेला असतो; पण त्याचा मान किती, हे सांगितलेले नसते.

खाण्याच्या क्रियापदात मानापमान एवढा खोल का रुजावा? कारण खाणे ही सत्तेचीही भाषा आहे. संस्कृतातल्या ‘भुज्’ धातूपासून भोजन झाले, भोग झाला, आणि गुप्तकाळातल्या प्रांताला ‘भुक्ति’ हे नावही मिळाले. सयामात एके काळी अधिकारी शहराचा कारभार करून त्याच्याच उत्पन्नावर निर्वाह करीत. त्याला ‘किन मुआंग’, म्हणजे शहर खाणे, असेच म्हणत. राजाच्या जेवणाचे ‘सवेय’ हे क्रियापद राज्य करण्यालाही लागते. मराठी सनदांत वतन वंशपरंपरेने ‘अनुभवण्या’ची भाषा असते, आणि सरकारी पैसा ‘खाणाऱ्या’ माणसाविषयी तर कोणाला व्याख्यान नको. जो खातो तो सत्ताधीश, हा अर्थ या सर्व भाषांनी ओळखला आहे.

परंतु मराठीत खाण्याहून वेगळे असे ‘जेवणे’ आहे, आणि व्याकरणातही त्याने आपले वेगळेपण राखले आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’. इथे क्रियापद पदार्थाच्या मागे जाते. ‘तो जेवला’, ‘ती जेवली’, ‘पाहुणे जेवले’. इथे क्रियापद माणसाच्या मागे जाते. खाण्यात पदार्थ मोठा, जेवण्यात माणूस मोठा. म्हणूनच सकाळपासून पोहे, लाडू, केळी एवढे सगळे खाऊन झालेली गृहिणी ‘मी अजून जेवले नाही’ असे म्हणते, आणि ते खरे असते.

हे माणसाला मोठे करणारे जेवणे घेऊनच मराठी भाषा तंजावरला गेली. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तिथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत ती गादी चालली. सरस्वती महालातल्या मराठी पोथ्या व मोडी कागद, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास, ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’सारखा पाककलेचा ग्रंथ या खुणा तिथे आहेतच. पण त्याहून जिवंत खूण म्हणजे घरात मराठी आणि बाजारात तमिळ बोलणारी कुटुंबे. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ‘जेवणे’ आणि ‘साप्पिडु’ या दोन्ही शब्दांच्या सहवासात वाढल्या.

हे दोन शब्द एकमेकांना जिथे भेटतात, ती जागा म्हणजे रोजचे कुशलप्रश्न. तमिळ शेजारीण कुंपणावरून विचारते, ‘साप्पिट्टाच्चा?’ हा शब्द सोडवून पाहिला तर त्यात ‘साप्पिट्टु’ म्हणजे ‘जेवून’, आणि ‘आच्चा’ म्हणजे ‘झाले का’. मराठी शेजारीण नेमके हेच विचारते : ‘जेवून झाले का?’ तमिळ उत्तर येते ‘आच्चु’. मराठी उत्तर येते ‘झाले’. एक द्राविडी भाषा, एक आर्यकुलातली. पण या प्रश्नोत्तरात दोघींची जडणघडण शब्दाला शब्द जुळते. थाई माणूसही भेटल्यावर भात खाल्लास की अजून नाही, असेच विचारतो. तिन्ही देश भातावर वाढलेले, आणि भाताचे पीक पावसाच्या लहरीवर अवलंबून. ज्या लोकांनी दुष्काळ पाहिले, त्यांच्या भाषेत ‘जेवलात का?’ हा रिकामा शिष्टाचार म्हणून जन्माला येत नाही. घरात अन्न आहे ना, एवढी चिंता त्यात पूर्वी खरोखरच असे.

तंजावरच्या मराठी राजांनी ही चिंता राज्यकारभारात आणली. रामेश्वराच्या वाटेवर त्यांनी जागोजाग छत्रे, म्हणजे अन्नछत्रे, बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा ही छत्रे बंद पडतील की काय या काळजीने दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र लिहिले. छत्रांतला परिपाठ त्यांनी त्यात वर्णिला आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजलेला भात मिळे. ज्याला परक्या हातचे चालत नसे त्याला कोरडा शिधा मिळे. आजाऱ्याला औषध, बाळाला दूध मिळे. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे, असा पुकारा करीत.

त्या अंधारात घंटा ऐकून जो उठून येई, त्याची भाषा कोणती हे कोणी पाहत नसे. मराठी कारकुनाने त्याला ‘जेवलास का?’ म्हटले काय, तमिळ आचाऱ्याने ‘साप्पिट्टाच्चा?’ म्हटले काय, त्याला पान मिळत असे. आज तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसासमोर काफीचा पेला येईल, तेव्हा काफी ‘जेवता’ का, या प्रश्नाला त्याने हसू नये. त्याने पेला दोन्ही हातांनी घ्यावा, आणि निघताना घरातल्या म्हाताऱ्या आजीला तिच्याच शब्दांत विचारावे, ‘साप्पिट्टाच्चा?’