पाच हजार की दहा हजार? उपनगरातली गाडी आणि इंजिन ऑईलचे हिशेब

दोन सारख्या गाड्या घेऊ. एकच मॉडेल, पेट्रोलवरचं, एकाच महिन्यात घेतलेलं. पहिली बोरिवलीची. तिचा मालक फिरतीच्या नोकरीतला, आठवड्यातून दोनदा नाशिक नाहीतर वापी गाठणारा. दुसरी मुलुंडची. सकाळी एलबीएस मार्ग, मग जेव्हीएलआर, पवई ओलांडून सीप्झ, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. दोघींच्या मीटरवर १०,००० किलोमीटर भरले. पहिलीचा सरासरी वेग ताशी ५० धरला, तर तिचं इंजिन २०० तास चाललं. दुसरीचा २० धरला, तर ५०० तास. मीटरवरचा आकडा तोच, पण मुलुंडच्या इंजिनाने आणि त्यातल्या ऑईलने अडीचपट काम केलं आहे.

म्हणून ‘ऑईल किती किलोमीटरला बदलायचं?’ या प्रश्नाला या दोघांना एकच उत्तर देता येत नाही. तरी आपल्याकडे ते दिलं जातं, आणि तेही ठामपणे. गल्लीतला मेकॅनिक सांगतो ५,०००. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगतं १०,०००. सोसायटीतले काका सांगतात, काळं पडलं की बदल. तिन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत.

पाच हजारांचा आकडा कुठून आला, ते आधी पाहू. तो खोटा नव्हता. साध्या खनिज तेलाच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात इंधन आजच्याइतकं नेमकं मोजून जळत नसे, ते ऑईलमध्ये उतरत असे आणि ऑईल लवकर खराब होई. अमेरिकेत त्याच काळात ३,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरचा, असाच नियम लोकांच्या डोक्यात पक्का बसला होता. पुढे इंजिनं बदलली आणि ऑईलही बदललं. मारुती, ह्युंदाई यांच्या अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधारण वापरासाठी १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल ते, असं सांगितलेलं असतं. नाशिकच्या वाऱ्या करणाऱ्या त्या बोरिवलीकराने दर पाच हजारांना ऑईल सोडायला लावलं, तर तो चांगलं ऑईल वाया घालवतो आहे. मेकॅनिक त्याला फसवतो आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या गॅरेजमध्ये येतात त्या टॅक्स्या आणि रिक्षा, दिवसाचे दहा-बारा तास चालणाऱ्या, आणि त्यांच्यासाठी त्याचा सल्ला बरोबरच आहे.

दहा हजारांच्या आकड्याबद्दलचा गैरसमज जास्त महागात पडतो. तो आकडा वाचणाऱ्यांपैकी फार थोडे पुस्तिकेचं पुढचं पान उलटतात. तिथे दुसरा तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा. खडतर म्हटलं की आपल्याला लडाख आठवतं. ह्युंदाईच्या पुस्तिकेत खडतर वापर म्हणून दिलेल्या गोष्टी पाहा: आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या वारंवार फेऱ्या, इंजिन बराच वेळ नुसतं चालू ठेवणं, धुळीचे रस्ते, ३२ अंशांवरच्या तापमानात दाट रहदारीतून जाणं. हे घाटकोपर ते अंधेरीचं वर्णन आहे. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये पारा सहज ३२ च्या वर असतो. रस्त्यांचं काँक्रीटीकरण आणि मेट्रोची कामं यांची धूळ एलबीएस मार्गावर आणि जेव्हीएलआरवर कित्येक वर्षं उडते आहे. या दुसऱ्या तक्त्यात अनेक कंपन्या ऑईलची मुदत निम्म्यावर आणतात, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने.

माझं मत स्पष्ट आहे. रोज एसव्ही रोड, एलबीएस किंवा जेव्हीएलआर करणाऱ्या गाडीने हा दुसरा तक्ता आपला मानावा. लहान पेट्रोल इंजिनात तीन-साडेतीन लिटर ऑईल मावतं. वर्षातून एकदा जादा ऑईल आणि एक फिल्टर, एवढाच त्याचा खर्च. इंजिन खोलावं लागलं तर येणाऱ्या बिलाशी त्याची तुलनाही होऊ शकत नाही. आपण कुठल्या तक्त्यात बसतो हे ठरवायला फार डोकं चालवावं लागत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. त्याने चाललेल्या किलोमीटरना भागलं की इंजिनाचे तास मिळतात.

ऑईल ‘संपतं’ म्हणजे नेमकं काय होतं? डब्यातल्या ऑईलचा ७५ ते ९० टक्के भाग बेस ऑईल असतो. चेंबूरपलीकडे माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये ते तयार होतं. उरलेला भाग रसायनांचा. काही मळ धरून ठेवतात, काही आम्ल मारतात, काही धातूवर संरक्षक थर देतात, काही फेस मोडतात. बेस ऑईल बरंच टिकतं. आधी खर्ची पडतात ती ही रसायनं, आणि त्यांना खर्ची घालतात उष्णता, पाणी, न जळलेलं इंधन आणि धूळ. गाडी सिग्नलला उभी असतानाही यांचं काम सुरूच असतं.

यातलं पाणी अनेकांना पटत नाही. इंजिनात पाणी येईल कुठून? पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलेलं असेल तर ती तिथूनही उडून जाते. थंड असेल तर तिथेच राहते, आम्लं तयार करते आणि गाळ बनवते. काट्यावर इंजिन गरम दिसतं तेव्हा कूलंट तापलेलं असतं, ऑईलला त्यानंतरही बराच वेळ लागतो. आयसी कॉलनीतून बोरिवली स्टेशन, पंतनगरातून राजावाडी, मुलुंड पश्चिमेतून पूर्वेला मुलांना क्लासला सोडायला: अशा फेऱ्यांत ऑईल पुरतं तापतच नाही.

आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दर रविवारी चालणारा प्रकार घ्या. गाडी वापरात नाही, म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू करायचं आणि बंद करायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हा सल्ला घरोघर पोचला. देणाऱ्याचा हेतू चांगला, परिणाम उलटा. त्या पाच मिनिटांत थंड इंजिनाला जादा इंधन जातं, पाणी तयार होतं आणि ते उडवायला लागणारी उष्णता निर्माण होण्याआधीच इंजिन बंद होतं. स्टार्टरने बॅटरीतून जे घेतलं तेही पुरतं भरून निघत नाही. गाडी काढायचीच असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढावी, नाहीतर राहू द्यावी. ‘वर्षात दोन हजारच किलोमीटर झाले, ऑईल नवंच आहे’ हेही याच जातीचं. पुस्तिकेत किलोमीटरच्या शेजारी महिने लिहिलेले असतात ते याच गाड्यांसाठी. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल वर्षातून एकदा बदलायलाच हवं.

रंगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. काळं पडलेलं ऑईल बहुधा आपलं काम करत असतं. काजळी धातूवर बसू नये म्हणून ती स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. डिझेल गाडीत तर नवं ऑईल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. दोन बोटांत चोळून ‘दम गेला’ असं सांगणाऱ्याला त्यातली रसायनं किती उरली आहेत हे कळत नसतं. ते प्रयोगशाळेतच कळतं.

उलट बाजूची चूक सीएनजीवाल्यांची, आणि उपनगरात ते फार आहेत. सीएनजी स्वच्छ जळतो, काजळी होत नाही, त्यामुळे डिपस्टिकवर ऑईल महिनोन्‌महिने सोनेरीच दिसतं. मालक समजतो, अजून बरंच चालेल. पण सीएनजीवर ज्वलनाची उष्णता ऑईलला जास्त सोसावी लागते, त्यात तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ऑईलशी संयोग पावतात, आणि रंग फारसा न बदलता ते आतून दाट होत जातं. सीएनजी गाडीची मुदत पुस्तिकेप्रमाणेच पाळावी, रंगाकडे बघूच नये.

‘मुंबई गरम, तेव्हा ऑईल घट्ट टाका’ हा सल्ला सर्वांत हट्टी. मारुतीच्या अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑईल सांगितलेलं असतं. ते पाहून लोकांचा जीव खालीवर होतो आणि गॅरेजमध्ये २०डब्ल्यू-४० पडतं. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. सांताक्रूझचं नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. मग बर्फाळ देशांसाठीचा हा शून्य आपल्याला कशाला? कारण इंजिनाच्या दृष्टीने मुंबईची सकाळही थंडच असते. ५डब्ल्यू-३० ऑईल १०० अंशांना जितकं पातळ असतं, त्याच्या साधारण सहापट दाट ते ४० अंशांना असतं. रात्रभर उभ्या गाडीत ते चेंबरमधून वर चढून सगळीकडे पोचेपर्यंतचे क्षण झिजेचे असतात. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला, आणि तो निर्मात्याने बेअरिंगमधल्या फटी आणि ऑईल पंपाची ताकद पाहून ठरवलेला असतो. बाहेरच्या उन्हाचा विचार त्यात आधीच झालेला आहे. अरुंद वाटांच्या नव्या इंजिनात घट्ट ऑईल टाकलं तर मायलेज घटतं आणि ऑईल जिथे वेळेवर पोचायला हवं तिथे उशिरा पोचतं. ग्रेडइतकाच डब्यावरचा दर्जाही पाहावा. एपीआयचा एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, तो छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा त्रास लक्षात घेऊनच.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. त्या वेळी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडलं जातं. आनंदनगर टोलनाक्याच्या कोंडीत ही प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑईलमध्ये उतरतं. परिणामी डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसते. ‘वाढलंय म्हणजे बरंच आहे’ असं समजू नका. ते पातळ झालेलं, धोक्याचं ऑईल आहे आणि मुदत संपायची वाट न पाहता बदलायला हवं. अशा गाडीत कमी राख करणारं, पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचं ऑईल घालावं, नाहीतर राखेने डीपीएफ तुंबतो.

डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा ऑईल बदलण्याची आठवण करून देण्यासाठी नाही. तो लागला म्हणजे ऑईलचा दाब गेला. गाडी बाजूला घेऊन तत्काळ इंजिन बंद करावं, ‘पुढच्या गॅरेजपर्यंत’ही जाऊ नये. तो दिवस येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. वरच्या आणि खालच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत सुमारे एका लिटरचा फरक असतो. वरून थोडं ओतून पातळी राखली म्हणजे ऑईल बदललं असं होत नाही, आणि खुणेच्या वर भरणंही वाईट. क्रँकशाफ्ट त्यात बुडाला की ऑईलचा फेस होतो.

पावसाळ्यात किलोमीटर आणि महिने दोन्ही बाजूला ठेवावे लागतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अगणित गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर सेल मारून पाहणं हीच त्या वेळची मोठी चूक होती. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होऊ शकणारं इंजिन कायमचं जातं. अंधेरी सबवेत आजही दर पावसाळ्यात पाणी भरतं. तुमची गाडी इंजिनापर्यंत बुडाली असेल तर चावीला हात लावू नका, टोइंग करून न्या. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. नीट दिसलं तरी ऑईल, ऑईल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलूनच इंजिन सुरू करावं.

बदलून घेताना समोर उभं राहावं. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडला जावा, ऑईल फिल्टर सोबतच बदलला जावा, आणि रिकाम्या डब्याला तिथेच स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून घ्यावं, कारण भेसळीच्या ऑईलला चांगल्या कंपनीचा रिकामा डबा हवा असतो. नियमित ऑईल बदललेल्या गाडीला ‘इंजिन फ्लश’ घेण्याची गरज नसते. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून घ्यावा. वॉरंटीचा वाद उद्भवला तर तोच कागद उपयोगी पडतो.

काढलेलं काळं ऑईल कुठे जातं, हेही विचारा. कायद्याने तो घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा असतो. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑईल परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवरही टाकली आहे. तरीही साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यात गटारात सांडलेलं ऑईल शेवटी मिठी नदीत उतरतं. चांगल्या गॅरेजमध्ये त्यासाठी वेगळा पिंप असतो. तो दिसला नाही, तर पुढच्या वेळी गॅरेज बदला.