कृपा आणि पात्रता

राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा प्रकटते. बहुधा तीन वर्षांनी येते, काही काळ तिथली चौदा कुंडे भरतात आणि मग ती निघून जाते. तिला कोणी बोलावून आणू शकत नाही. वर्गात ‘कृपा’ हा शब्द समजावताना मी हा दाखला दिला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, कृपा म्हणजे उपकारच ना? आमची पणजी खोताच्या अंगणाबाहेर उभी राहून ‘मायबाप, कृपा असू द्या’ म्हणायची.” मला चटकन उत्तर देता आले नाही. माझ्या आजीच्या तोंडीही हेच शब्द होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कॅथलिक धर्मविचाराकडे वळावे लागते. कारण तिथे कृपा ही मध्यवर्ती कल्पना आहे. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) आग्रहाने मांडले की देवाची कृपा ही सत्कर्माची मजुरी नव्हे. ती आधी येते. माणसाची पात्रता पाहून येत नाही. १५४७ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने हा विचार पक्का केला आणि त्याला एक जोड दिली : कृपा पुढाकार घेते, परंतु माणसाने तिला होकार द्यावा लागतो, तो नकारही देऊ शकतो.

याचे नामांकित उदाहरण पौलाचे. ख्रिस्तानुयायांचा छळ करण्यासाठी दमास्कसला निघालेला हा माणूस वाटेत प्रकाशाने दिपून कोसळतो आणि पुढे त्याच धर्माचा प्रचारक होतो. कृपा मिळाली ती छळ करणाऱ्याला! चित्रकार काराव्हाज्जोने सुमारे १६०१ साली रोममधील सांता मारिया देल पोपोलो या चर्चसाठी हा प्रसंग रंगवला. चित्रात देव दिसत नाही. पौल पाठीवर पडला आहे, डोळे मिटलेले, दोन्ही हात वर पसरलेले. बहुतेक जागा घोड्याने व्यापली आहे. बायबलात या प्रसंगी घोडा नाही. तो चित्रकारांनी आणला. घोड्याचा लगाम धरून एक म्हातारा मोतद्दार उभा आहे. धन्याचे आयुष्य पालटले, याची त्याला खबरच नाही. आपल्यासारख्या वाचकाची नजर पौलावरून निघून त्या मोतद्दारावर खिळते. नव्या धर्मात धन्याबरोबर त्याचेही स्थान पालटणार काय?

हा प्रश्न केवळ रोमच्या भिंतीवरचा नाही. आपल्याच किनाऱ्यावर तो उभा राहिला. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. ख्रिस्ताची कथा सांगताना त्याने ‘वैकुंठ’सारखे इथलेच शब्द वापरले. आजही कोकणी कॅथलिकांच्या प्रार्थनेत ‘कृपा’ हा शब्द ‘कुर्पा’ होऊन नांदतो. मात्र तिथली सारीच धर्मांतरे अंतःप्रेरणेची नव्हती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, सवलतींची लालूच दाखवली; १५६० साली इन्क्विझिशनही आले.

परंतु अधिक बोचणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या कृपेला जन्माची पात्रता मान्य नाही, तिच्या पाण्याने न्हालेले लोक जात घेऊनच बाहेर आले. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारडे, सुदीर असे थर राहिले. चर्चच्या कोंफ्रारीत कोणाला स्थान आणि सणात मान कोणाचा, हेही अनेक गावांत जातीवरून ठरत आले. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणात चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे मान्य केले. अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ साली! आणि बाहेर शासनाचा नियम असा की, १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत मोडत नाही. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात स्थान मिळाले; ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. चर्चच्या आत जात सुटली नाही, आणि बाहेर ती असल्याचे मान्य होत नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन केले, ते याच प्रश्नापोटी. त्यांचे स्वतःचे धर्मांतर पौलासारखे एका क्षणाचे नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षांचा अभ्यास त्यामागे होता. त्यांनी निवडलेला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. तिथे कृपेची वाट पाहायची नसते, चालायचे असते.

म्हणून कृपेचा विचार टाकाऊ ठरतो असे मी म्हणणार नाही. खोताची कृपा आणि ऑगस्टीनची कृपा यांत मूलभूत फरक आहे. खोताची कृपा माणसाला वाकायला लावते आणि वाकलेलाच ठेवते. ऑगस्टीनची कृपा सांगते की देवापुढे कोणीच जन्माने पात्र नाही. तेव्हा ब्राह्मणही नाही. जातीच्या मुळावर घाव घालणारा हा विचार आहे. परंतु विचार आपणहून घाव घालत नाही. कुऱ्हाड माणसालाच उचलावी लागते. त्रेंतच्या परिषदेने मागितलेला होकार समाजानेही द्यायचा असतो, आणि तो पंगतीत, लग्नात, दफनभूमीत दिसावा लागतो.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले : बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली मांडले आणि कायदा १९४९ साली झाला. तुझ्या पणजीने खोताची कृपा मागितली होती. खोती मात्र त्या कृपेने गेली नाही.