म्हाताऱ्या मांजराची शुश्रूषा
(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू येण्याचा संभव आहे. माणसांची आजारपणे निस्तरता निस्तरता ज्यांच्या नाकी नऊ आले आहेत, त्यांना मांजराच्या आजारपणावरचे भाषण म्हणजे एखाद्या रिकामटेकड्या पेन्शनराचा चाळा वाटावयाचा. परंतु ज्या घरात एखादे मांजर चौदा-पंधरा वर्षे नांदले आहे आणि आता पाण्याच्या भांड्याशी मान खाली घालून बसू लागले आहे, त्या घरातील मंडळी हसणार नाहीत. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मास्तरकीत जन्म घालविलेला माणूस आहे. सांगणार आहे त्यातले काही पशुवैद्यांना विचारून घेतलेले, काही वाचलेले आणि काही स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे.

हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढे फारसा नव्हता. वाड्यातले मांजर सगळ्या आळीचे असे. ते माळ्यावर वीत असे, चार घरचे दूध पीत असे, आणि म्हातारे झाले की एके दिवशी दिसेनासे होत असे. मांजर घरात मरत नाही, अशी समजूतच होती. खरी गोष्ट एवढीच की, दुखणाईत मांजर आडोसा शोधून लपते आणि तेथेच त्याचा शेवट होतो. आता आपण फ्लॅटमध्ये राहतो, खिडक्यांना जाळ्या आहेत, मांजरांना लसी टोचतात, वेळच्या वेळी खाऊ घालतात. त्यामुळे मांजर पंधरा-सोळा वर्षे जगते, आणि त्याचे म्हातारपण व मरण आपल्या डोळ्यांपुढे घडते. आडोसा आपणच काढून घेतला. तेव्हा त्याची जबाबदारीही आपणांवरच आली.

आमची मनी सोळा वर्षांची झाली त्या वैशाखात ती फार पाणी पिऊ लागली. मला वाटले, उन्हाळा आहे. पुढे तिचा पाठीचा कणा हाताला लागू लागला. तेव्हा डॉक्टरांकडे नेली. चार किलो वजन तीनवर आले होते. रक्तातील क्रिएटिनिन ३.८ निघाले. हा आकडा साधारणतः १.६ च्या आत असावा लागतो, २.९ पासून ५ पर्यंत रोगाची तिसरी पायरी समजतात, आणि ५ च्या पुढे चौथी, म्हणजे शेवटची.

हा मूत्रपिंडांचा जुनाट विकार म्हाताऱ्या मांजरांत फार आढळतो. मूत्रपिंड म्हणजे लक्षावधी सूक्ष्म गाळण्यांचा समूह होय. या गाळण्या एकदा निकामी झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. निसर्गाने शिल्लक इतकी ठेवली आहे की, सुमारे दोन-तृतीयांश गाळण्या जाईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग लघवी पातळ व पुष्कळ होऊ लागते, ती भरून काढण्यासाठी मांजर पाणी पिते, आणि आपण म्हणतो, उन्हाळा आहे! पुढे रक्तात विषारी द्रव्ये साठतात, मळमळ सुटते, तोंडाला घाण येते, अन्नावरची वासना उडते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हा रोग बरा करणारे औषध नाही. भार हलका करणारे उपाय मात्र पुष्कळ आहेत. फॉस्फरस कमी असलेले खास अन्न मिळते, व ते खाणारी मांजरे अधिक काळ जगतात असे आढळून आले आहे. कातडीखाली सलाईन देता येते. डॉक्टरांनी शिकविल्यावर ते घरीही जमते, आणि शोष कमी झाला की मांजराला हुशारी वाटते. मळमळीवर औषध आहे, भूक लागण्यासाठी आहे. या विकारात रक्तदाब वाढून मांजर एकाएकी आंधळे होऊ शकते. त्यावर रोजची गोळी आहे. या उपायांनी मनीला सव्वा वर्ष मिळाले, आणि त्यातील बहुतेक दिवस सुखाचे होते. तेव्हा म्हातारे झाले म्हणून उपचारच करू नयेत, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु दुसऱ्या टोकाला माझी चूक झाली. पुढल्या आषाढात मनीने खाणे सोडले. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उद्भवते, एवढे मी वाचले होते. त्या अर्धवट ज्ञानाच्या जोरावर मी पिचकारीने तिच्या तोंडात पातळ अन्न घालू लागलो. दिवसातून पाच वेळा, घड्याळ लावून! ती मान फिरवी, लाळ गाळी, अर्धे थुंकून टाकी. मी ते कर्तव्य समजत होतो. आठव्या दिवशी घरातून शब्द आले, “अहो, ती तुम्हांला भिऊ लागली आहे.” मी रागावलो. परंतु गोष्ट खरी होती. सोळा वर्षे जी माझ्या वहाणांचा आवाज ऐकून दाराशी येत असे, तीच आता तो आवाज ऐकताच कपाटाखाली जात होती.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, मळमळ असताना बळजबरीने भरविले तर जनावर त्या अन्नाचाच तिटकारा धरते. आधी मळमळ थांबवावयास हवी.” पुन्हा रक्त तपासले, आकडा ८ च्या पुढे गेला होता. दवाखान्यात पिंजऱ्यात ठेवून तीन-चार दिवस शिरेतून सलाईन देणे हा एक मार्ग होता. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. याने तिला काय मिळेल? किती दिवसांसाठी मिळेल? आणि ही आपली मांजर असती तर आपण काय केले असते? उत्तर सरळ मिळाले: कदाचित थोडे दिवस, तेही अशक्तपणात, स्वतःची असती तर घरी नेली असती. हेच तीन प्रश्न प्रत्येक उपचारापूर्वी आपणही निःसंकोच विचारावेत. तरुण मांजराचा एकाएकी उद्भवलेला विकार असता, तर उत्तर कदाचित उलट आले असते.

घरी आणल्यावर उपचार थांबला नाही. त्याचा हेतू बदलला. मळमळीचे औषध चालू ठेवले, पिचकारी फेकून दिली. अन्न कोमट करून समोर ठेवावे, कारण मांजर वासावर खाते. खाल्ले तर खाल्ले. या अवस्थेत खास अन्नाचा हट्टही सोडावा. माशाचे पाणी आवडत असेल तर ते द्यावे, मात्र त्यात कांदा-लसूण नसावा, ती मांजराला विषे आहेत. खोलीत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. मातीच्या पेटीची एक कड कापून बुटकी करावी, म्हणजे पाय उचलण्याचे श्रम पडत नाहीत. अंथरूण उबदार व जमिनीलगत असावे. आणि एक गोष्ट जन्मात विसरू नये: आपल्या घरातली दुखण्यावरची गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेते.

मांजराला दुखते आहे हे ओळखावे कसे? ते ओरडत नाही. गुरगुरणे हे सुखाचेच लक्षण असते असेही नाही. आजारी मांजरही गुरगुरते. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूस वळलेले, डोळे बारीक केलेले, तोंडाचा भाग ताठलेला, मिशा सरळ व ताठ, डोके खांद्यांच्या खाली गेलेले. ही ती पाच चिन्हे होत. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ साली सात बाबींचे कोष्टक दिले: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय. प्रत्येकास दहांपैकी गुण द्यावयाचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य समजावे.

मी मास्तर पडलो. मी हजेरीपट घातला. रोज रात्री चार प्रश्न: आज ती आपण होऊन खाल्ली काय? जिभेने अंग चाटले काय? आपल्या पायांनी पेटीपर्यंत गेली काय? कोणाजवळ येऊन बसली काय? दोन होकार आले तर हजर, नाही तर शून्य. याचा लाभ असा की, आशा आणि भीती या दोहोंना कागदाने आळा बसतो. पिचकारी टाकल्यावर चौथ्या दिवशी ती कपाटाखालून निघाली आणि माझ्या पायाशी येऊन बसली. त्यानंतर अकरा दिवस हजेरी लागली. मग ओळीने चार शून्ये पडली.

येथे शेवटचा प्रश्न येतो. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. त्याची आशा उरली नाही हे कळल्यावर गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून, डॉक्टरांकरवी सुई देववून त्याची सुटका करविली. त्यावर देशभर केवढे काहूर उठले! तरीही त्यांनी आपली भूमिका उघडपणे मांडली. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. त्यांनी वेदनाशामके व मळमळीची औषधे मात्र शेवटपर्यंत आखडू नयेत. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. डॉक्टर घरी आले. प्रथम गुंगीची सुई दिली. ती झोपल्यावर दुसरी. काही मिनिटांत सारे शांत झाले. डोळे उघडेच राहतात, हे आधी सांगितलेले बरे. ती घरातल्या माणसाच्या मांडीवर होती.

हा निर्णय लवकर झाला काय, असे मी स्वतःला अनेकदा विचारले. परंतु हजेरीपट काढून पाहतो तेव्हा पश्चात्ताप त्या शेवटच्या दिवसाचा होत नाही. पिचकारीच्या त्या आठ दिवसांचा होतो. ते उपचार मी तिच्यावर करीत होतो, पण शमत होती ती माझी भीती.

म्हणून आपणांस एवढेच सुचवावयाचे आहे. मांजर अजून खाते-पिते आहे तोवरच घरातील सर्वांनी बसून ठरवावे की, याला जगण्यात काय गोड वाटते, आणि त्यातले काय गेले म्हणजे थांबावयाचे. ते कागदावर लिहून ठेवावे. वेळ आली म्हणजे मन ठिकाणावर राहत नाही, कागद राहतो.

इतके सांगून मी आपली रजा घेतो.