भूसुरुंग आणि दिव्यांगांचे पुनर्वसन : थोडक्यात

• भूसुरुंग : पाय पडताच किंवा वाहनाच्या दाबाने फुटणारा स्फोटक. युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे जिवंत राहतो.

• ओटावा करार : १९९७ मध्ये स्वीकृत, १ मार्च १९९९ पासून लागू. व्यक्तिविरोधी सुरुंगांवर बंदी. सुरुंगग्रस्तांचे उपचार व पुनर्वसन यांसाठी साहाय्याची तरतूद. भारत सदस्य नाही.

• महाराष्ट्रात : गडचिरोलीतील जांभुळखेडा येथे १ मे २०१९ रोजी माओवाद्यांच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस व वाहनचालक ठार.

• पुणे : लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून. जवानांसोबत नागरिकांनाही सेवा.

• खडकी : जखमी जवानांना व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज संस्था. स्थापना १९१७, मुंबईत; नंतर खडकीत.

• जयपूर फूट : कृत्रिम पाय, १९६८ मध्ये विकसित. अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते. अफगाणिस्तान, कंबोडियातील सुरुंगग्रस्तांनाही बसवला.

• कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार. सवलतींसाठी साधारणपणे किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक.

• ग्रामस्थांसाठी : राज्यातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक. वैश्विक ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज ऑनलाइन.