अंभोऱ्याची सहावी नदी

महाशिवरात्रीला चार दिवस असताना रायपूरहून आत्याचा फोन आला. “अंभोऱ्याले नेशील का रे यंदा?” आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माहेर भंडाऱ्याचं, पण यात्रा पाहून चाळीसेक वर्षं झालेली. वरठीला, म्हणजे रेल्वेच्या लेखी ‘भंडारा रोड’ला, उतरली तेव्हा हातात एक पिशवी आणि पिशवीत पितळेचा तांब्या. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात बाहेरून तांब्या आणायचा म्हणजे आमचा अपमानच. पण तो इथलाच, तिच्या लग्नातला निघाला.

पाहुणचाराची परीक्षा उपासाच्या दिवशी होते. गुडघेदुखीची गोळी उपाशीपोटी चालत नाही आणि आत्याला उपास मोडणं चालत नाही. शेवटी शिंगाड्याच्या शिऱ्यावर तह झाला. “पीठ पुड्यातलं दिसते,” ती पहिल्या घासालाच म्हणाली. तलावांच्या जिल्ह्यात, जिथे ढिवर बांधव तळ्यात उतरून शिंगाडे काढतात, तिथे दुकानातला पुडा फोडलेला तिला कळणारच.

भंडाऱ्याहून अंभोरा अर्ध्या-पाऊण तासाचं. देऊळ खरं तर नदीपलीकडे, नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात. पण यात्रेच्या दिवशी जिल्ह्याची हद्द कोण विचारतो? वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा इथे संगम आणि वर टेकडीवर चैतन्येश्वर. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला अशी या भागाची श्रद्धा. ग्रंथात वैनगंगेकाठच्या अंबानगराचा उल्लेख आहे, तर त्यांची समाधी अंबाजोगाईत दाखवतात. वाद जुना आहे. मराठवाड्याकडे समाधी आहे, आमच्याकडे नदी आहे, एवढ्यावर मी तो सोडतो.

गाडी बरीच अलीकडे अडवली. बेल-फुलांची, कवठांची, रताळ्यांची दुकानं ओलांडत आम्ही पुलाशी आलो. २०२४ साली खुला झालेला, केबलांवर तोललेला, सुमारे सातशे मीटर लांबीचा हा पूल म्हणजे सध्याचं खरं आकर्षण. मधल्या मनोऱ्यावर उंच गॅलरी आहे, तिथून संगम दिसतो. देवळापेक्षा सेल्फीची गर्दी मोठी. आत्याने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “रेती कुठी गेली?”

तिच्या लहानपणी शिवरात्रीला नदी आटलेली असायची. बंड्या थेट रेतीत उतरायच्या, धारेपुरता डोंगा. रात्र रेतीतच काढायची, भजनं ऐकायची आणि सकाळी पारण्याला गोवऱ्यांवर भाजलेले पानगे नि वांग्याची भाजी. काठावरच्या ओळखीच्या घरी दोन दिवस मुक्काम ठरलेला. आता खाली पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण आहे. त्याचा पाया १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला. धरणात पाणी अडू लागलं तशी काठची गावं उठली आणि संगम उन्हाळ्याच्या तोंडालाही भरलेला राहू लागला. पाहायला तो आता समुद्रासारखा आहे, उतरायला जागा नाही.

घाटाशी एक म्हातारे ढिवर काका नावेच्या फटीत डांबर भरत बसले होते. आत्या त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली आणि माझा तासभर तिथेच गेला. काका हाताने फळीवर टकटक करत. आवाज बद्द आला की तिथे पाणी शिरलंय. एका फळीवर ते तीनदा थांबले, तिसऱ्यांदा मान हलवली आणि ती खरवडायला घेतली. “आता पत्र्याची नाव करतात, तिले ठोकून काय कळते?” पूल झाल्यापासून पलीकडे जाण्यासाठी नाव कोणी मागत नाही, फिरायला मागतात. “पयले मानूस नावेत बसला का गावची खबर सांगे. आता फोटो काढते न उतरते.” तक्रार नव्हती. वाऱ्याची दिशा सांगावी तसं सांगितलं.

पायऱ्या चढताना आत्या चार वेळा थांबली, पण चढली. दर्शन झाल्यावर खाली येऊन तिने तांब्या काढला. संगमाचं पाणी तिला रायपूरला न्यायचं होतं. आता मला बोलणं भाग होतं. नागपूरचं सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान इथे येते. पाण्यावर जलपर्णी उगाच माजत नाही. सातशे मीटरचा पूल बांधणाऱ्यांना शहराचं पाणी धुऊन सोडणं अजून पुरतं जमलेलं नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे पाच नाई, सहा नद्या मन ना.”

काका हसले. त्यांनी तांब्या हातात घेतला, बुडाला बोटाने टकटक केली, कान दिला. “भांडं चांगलं हाये, बाई,” म्हणाले, आणि रिकामाच परत दिला.

संध्याकाळी पुलावरून पंचवीस मिनिटांत आम्ही मुख्य रस्त्याला लागलो. पूर्वी याच यात्रेला दोन दिवस लागायचे आणि त्या दोन दिवसांत चार घरचं जेवण व्हायचं. घरी आल्यावर आत्याने आमच्या नळाचं पाणी तांब्यात भरलं, देवापुढे ठेवलं आणि पारण्याला पानगे करणार का, असं विचारलं.

गोवऱ्या शोधायला मी सकाळी सहाला बाहेर पडलो.