अन्न आणि मन : लेखांक ७
चप्पल निसटते तेव्हा

मावशीची चप्पल चालता चालता पायातून निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. चार पावलं अनवाणी गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारायचं. सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जायचा. मग वरणात दोनदा मीठ पडू लागलं, भिशीला जाणं सुटलं, संध्याकाळी ती खिडकीशी बसून उगाच रडू लागली. "वय झालं गं आता," ती म्हणायची. वय होतं ५८. हिमोग्लोबिन चांगलं, म्हणून कुणालाच शंका आली नाही. बी-१२ तपासलं गेलं ते दीड वर्षानं, आणि ते फारच कमी निघालं.

गेल्या आठवड्यात आपण 'ड' जीवनसत्त्व पाहिलं. बी-१२ची गोष्ट त्याहून आपल्या ताटाजवळची आहे. ते वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. बनवतात फक्त सूक्ष्म जीव. गाईम्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात उतरतं. मांस, मासे, अंडी यांतही असतं; भाकरी, उसळ, पालेभाजीत नसतं. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण चहापुरत्या दुधानं तीही भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी होतं.

यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून उणीव हळूहळू, चोरपावलांनी येते. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखं. बी-१२ संपत आलं की ते झिजतं. तळपायाकडून येणारे निरोप अर्ध्या वाटेत विरतात. चप्पल निसटते ती अशी. मेंदूतही तीच पडझड होते, आणि विसर, उदासी, चिडचिड, क्वचित भासही सुरू होतात.

रक्त मात्र ठणठणीत दिसू शकतं. अमेरिकेत १९८८ साली लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२च्या अभावामुळे मज्जासंस्थेचा वा मनाचा त्रास झालेले १४१ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या ४० जणांना ना पंडुरोग होता, ना त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या झाल्या होत्या. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनीही रक्त सुधारतं, नसांची झीज मात्र चालूच राहते.

प्रत्येक नैराश्यामागे बी-१२ नसतं, हेही तितकंच खरं. मानसोपचाराच्या गोळ्या परस्पर बंद करू नका.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर मावशीचं रडणं थांबलं, ती पुन्हा भिशीला जाऊ लागली. तळपायाचा बधिरपणा राहिला तो राहिलाच. दीड वर्ष उशीर झाला होता. तुमच्या घरात कुणी शाकाहारी असेल, साठीच्या आसपास असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत असेल आणि अलीकडे गप्प गप्प झालं असेल, तर डॉक्टरांकडे बी-१२ची तपासणी स्वतःहून मागा.