शब्द कुठे तोडायचा?

डच भाषा शिकणाऱ्याला पहिला धाक वाटतो तो लांबलचक शब्दांचा. 'आर्बेइड्सओंगेस्खिक्टहेइड्सफर्झेकरिंग' हा असाच एक शब्द. रोमन लिपीत तो सलग ३३ अक्षरांचा! पण घाबरायचं कारण नाही. मालगाडीला डबे तीनच आहेत: आर्बेइड म्हणजे काम, ओंगेस्खिक्टहेइड म्हणजे अक्षमता आणि फर्झेकरिंग म्हणजे विमा. आजारपणामुळे काम करता आलं नाही, तर आधार देणारा हा विमा. मधले 'स' केवळ डबे जोडणारे. आपल्या 'देवघर'सारखाच हा समास, फक्त लांब.

खरी अडचण सांधा चुकला की होते. 'क्वार्टस्लागेन' हा शब्द क्वार्ट-स्लागेन असा तोडला, तर अर्थ होतो पाव वळसे. क्वार्ट्स-लागेन असा तोडला, तर क्वार्ट्झ दगडाचे थर.

बोलताना आघात मदतीला येतो. मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो आणि त्या घटकातली आघाताची जागा कायम राहते. मसाजचा पलंग आणि सामुदायिक प्रार्थना हे दोन शब्द डचमध्ये अक्षरशः सारखे लिहिले जातात. पलंग म्हणायचा असेल, तर 'मासाझे-बेड', जोर 'सा'वर. प्रार्थना असेल, तर 'मासा-खेबेड', जोर 'मा'वर.

कागदावर मात्र आघात दिसत नाही. म्हणून घोटाळा होण्याजोगा असेल तिथे सांध्यावर छोटी आडवी रेघ द्यायला डच लेखननियम मुभा देतात. एवढीशी रेघ, पण वाचणाऱ्याची वाट चुकू देत नाही.